टेकडीवरची शर्यत

आज सकाळी चौबे कॉलोनीच्या वळणावर पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला आणि मुलांनो, मला तुमच्या आईची पहिली शर्यत आठवली.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. शहराबाहेरच्या मुरमाच्या टेकडीवर काही तरुण सायकली पळवायचे. त्यांच्यात मुलगी एकटी तुमची आई. "दीदी, ये सब्ज़ी लाने वाली साइकिल नहीं है," असं विकास नावाचा पोट्टा तिला नेहमी चिडवायचा.

त्या पहिल्या शर्यतीच्या दिवशी मी शेवटच्या उतारावर ग्लुकोजचं पाणी घेऊन उभी होते. विकास पहिला, तुमची आई दुसरी. माझ्यासमोरच त्याचं चाक बसलं. तेव्हाची रीत अशी, की ज्याचं पंक्चर त्याने निस्तरावं, बाकीच्यांनी पुढे निघावं. तुमची आई उतरली आणि तिने आपला पंप काढला.

"दीदी, आप निकलो, जीत जाओगी."

"चूप बैठ. ट्यूब पकड."

तेवढ्यात तिघं पुढे गेले.

"काहून थांबलीस तू?" मी चिडून विचारलं.

"त्याच्याजवळ पंप नव्हता न, आई."

मी उरलेलं ग्लुकोजचं पाणी मुरमावर ओतून दिलं आणि तिच्या पुढे घराकडे निघाले.

पुढच्या रविवारी विकास स्वतः टेकडीखाली शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबला. मग सगळेच थांबू लागले. आता तिथे मुलीही पुष्कळ येतात, आणि शेवटचा खाली आल्याशिवाय कोणी घरी जात नाही. नव्या पोरांना वाटतं, हे पहिल्यापासून असंच आहे. मी त्यांना दर वेळी सांगते, ही रीत माझ्या मुलीने पाडली.