महाराणीची नक्कल

गल्लीतले लोक त्याला रेडिओ म्हणायचे, आणि त्याला त्याचा अभिमान होता. या न्हाव्याचा हात एकवेळ थांबेल, तोंड नाही. तीस वर्षांत त्याने अर्ध्या वस्तीच्या डोक्यावर कात्री चालवली होती आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीच्या अब्रूवर. बँकेतल्या साहेबांची शिंक, वकिलांची चाल, पोस्टमनचं घोरणं, सगळ्यांच्या नकला त्याच्या खिशात तयार. लोक वाट वाकडी करून त्याच्याकडे दाढीला यायचे ते खरं म्हणजे त्यासाठीच.

घरी मात्र हा रेडिओ कुणी ऐकत नव्हतं. सोळा वर्षांची लेक दीड महिना अंथरुणाला खिळलेली. आधी शाळा सुटली, मग मैत्रिणी, मग जेवण. विचारलं तर "बरं वाटत नाही" एवढंच. ताप नाही, खोकला नाही. रेडिओचं निदान ठरलेलं होतं: आळस. रोज सकाळी तो तिचं पांघरूण ओढायचा आणि सांगायचा, "तुझ्या वयात मी दिवसाला वीस डोकी करायचो." ती भिंतीकडे तोंड फिरवायची.

"अहो, तिला काहीतरी होतंय," बायको म्हणाली.

"काही होत नाहीये, तेच तर होतंय," तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तो ते दुकानात घेऊन गेला.

दुकानात वाक्यामागोमाग आख्खी नक्कल आली. "आमच्या महाराणी," असं म्हणून तो मान एका खांद्यावर टाकायचा, ओठ लोंबवायचा, खुर्चीपासून बेसिनपर्यंत पाय फरफटत जायचा आणि विव्हळायचा, "बरं वाटत नाही." लोक पोट धरधरून हसायचे. घरी हरलेला बाप दुकानात रोज जिंकत होता, आणि तोही लेकीच्या जिवावर. लाज वाटायची तर तेव्हाच वाटायला हवी होती. नाही वाटली.

एका सकाळी तो चष्मा घरी विसरला. अकराच्या सुमाराला दुकान भरलं, फर्माईश झाली, आणि तो मान टाकून बेसिनपर्यंत गेला. वळून बघतो तर दारात मुलगी. अंघोळ केलेली, इस्त्रीचा ड्रेस घातलेला, केस अजून ओले. हातात त्याचा चष्मा. हसणारे एकेक करून गप्प झाले. तिने चष्मा बाकावर ठेवला आणि निघून गेली. याची मान अजून खांद्यावरच होती.

त्यानंतर ती उठलीच नाही. तीन आठवड्यांनी बायकोने हट्ट धरला आणि दोघं तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी मुलीशी एकटीशी तासभर बोलून घेतलं, मग या दोघांना आत बोलावलं.

"हा आळस नाही, आजार आहे. नैराश्य म्हणतात. औषध सुरू करू, आणि दर आठवड्याला तिने माझ्याकडे यायचं. तुम्ही कमी बोला, जास्त ऐका. आणि मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारत जा. विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही."

'कमी बोला' म्हणताना बाईंनी फक्त आपल्याकडेच पाहिलं, असं रेडिओला वाटलं.

कमी बोलायची त्याची तयारी होती, पण सुरुवात कुठून करायची हे कळेना. तो तिच्या समोर खुर्ची घेऊन बसला की ती डोळे मिटून घ्यायची. त्यात परवा, दाढीला आलेल्या वकिलांनी विचारलं, "काय, महाराणी उठल्या का?" खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. तो हसला. "झोपल्यात," म्हणाला, आणि सवयीने मानही जराशी कलली. त्या दिवशी घरी तो भरलं ताट तसंच ठेवून उठला. बायकोला म्हणाला, पोट बिघडलंय.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी केसांचा विषय निघाला. इतके दिवस ना तेल, ना फणी. डोक्याच्या मागच्या बाजूला केसांची नुसती गादी झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा: बाप न्हावी आणि लेकीच्या डोक्याची ही दशा.

"कापावेच लागतील हो," बायको डोळे पुसत म्हणाली.

"कापा," मुलगी भिंतीला म्हणाली.

"मी सोडवतो," तो म्हणाला. "वेळ लागेल. नको वाटलं की नुसता हात वर कर."

स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी त्याने स्टूल ठेवलं आणि तो तिच्या मागे उभा राहिला. बोटभर बट घ्यायची, तेल लावायचं, रुंद दातांचा कंगवा टोकाकडून हळूहळू वर न्यायचा. पहिला तास तो एक शब्द बोलला नाही. गिऱ्हाईक मनातलं सांगतं ते न्हाव्याच्या तोंडाकडे बघून नाही, पाठमोरं बसून, हे त्याला तीस वर्षं ठाऊक होतं. घरी कसं सुचलं नाही कुणास ठाऊक.

"मरावंसं वाटतं का गं तुला?" शेवटी त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"कधीकधी. मध्ये जास्त वाटायचं. डॉक्टरांना सांगितलंय."

"मलाही सांगशील? मी काही बोलणार नाही. नुसता बसेन."

"बघू."

आणखी दोन बटा सुटल्या.

"ती नक्कल," तो म्हणाला. "चुकलं माझं. परवा पुन्हा एकाने विचारलं, तेव्हाही मी हसलो. तेही चुकलं."

"मी खरंच तशी चालते?"

"नाही गं."

"चालते. मला माहितीये." मग जरा थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी उठले होते. चष्म्याशिवाय तुम्ही वस्तरा कसा धरणार, म्हणून."

त्याचे हात थांबले. जगातल्या सगळ्यांची फजिती त्याची करून झाली होती, पण लाज म्हणजे काय ते त्याला आत्ता, स्वतःच्या स्वयंपाकघरात कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

"थांबू नका," ती म्हणाली. "अजून अर्धे राहिलेत."

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं होतं. वकील खुर्चीत, गालांना फेस. "काय रेडिओ, महाराणी उठल्या का?"

रेडिओने वस्तरा खाली ठेवला.

"ती आजारी आहे," तो आरशात बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "त्या दिवशी माझ्यासाठी उठली होती. चष्मा द्यायला आली होती. तुम्ही हसत होता आणि मी हसवत होतो."

त्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वकिलांची उरलेली दाढी केली.