कारल्याचा आवाज

आमच्या कसब्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये मे महिन्यात मुलांचं शिबिर भरायचं आणि ते माझी आई चालवायची. पहिल्या दिवशी तिनं मला जिन्यात थांबवून सांगितलं, "इथे मला ताई म्हणायचं. सगळ्यांची ताई, तशी तुझीही." मला गंमत वाटली होती.

त्या वर्षी हातबाहुल्या होत्या. रद्दी भिजवायची, कुटायची, कीड लागू नये म्हणून लगद्यात मेथीची पूड घालायची. नाटुकलं आईनंच लिहिलं होतं: मार्केट यार्डात उतरलेल्या भाज्यांचं भांडण. त्यात सगळ्यात खवट बोलणारं कारलं. चिठ्ठ्या टाकल्या, कारलं मला आलं. त्याच्या पाठीवरचं एकेक टेंगूळ मी बोटानं बसवलं. मी तशी घुमी. पण पडद्याआड, हातात कारलं घालून, मला पहिल्यांदाच मोठ्यांदा बोलता येत होतं.

समारोपाच्या आदल्या दिवशी मुलाला न्यायला आलेल्या एक काकू तालीम बघत उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "छान आहे हो. शिबिर घरचं, कारलंही घरचंच."

आईनं ऐकलं. मीही ऐकलं. मला वाटलं, आता ती चिठ्ठ्यांचं सांगेल. ती दारातल्या चपला सरळ करत राहिली. मग आत आली आणि सगळ्या मुलांसमोर मला म्हणाली, "तुझा आवाज मागपर्यंत पोचत नाही. कारलं याला दे. तू पडदा धर."

हा म्हणजे त्या काकूंचा मुलगा.

"पण ताई, काल तर तूच म्हणालीस..."

"पडदा धर म्हटलं ना."

बाहुलीची मान माझ्या बोटाच्या मापाची होती. त्याला ती घट्ट झाली, म्हणून आईनंच कात्रीनं मोठी करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी चादरीचं टोक धरून उभी राहिले. त्यानं कारलं चांगलं केलं. हे लिहायला अजूनही जड जातं. लोक खूप हसले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "ताई, पाणी दे." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पाणी दिलं. त्यानंतर मी तिला कधीच आई म्हटलं नाही. बऱ्याच घरांत आईला ताई म्हणतात, त्यामुळे बाहेरच्या कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुकच झालं. ते लाडाचं नव्हतं, हे फक्त आम्हा दोघींना माहीत. तिनं एकदाही हटकलं नाही, दर वेळी ओ दिली. मला थांबता आलं असतं. माझ्या लग्नात, माझ्या बाळंतपणात. मी नाही थांबले.

मागच्या हिवाळ्यात ती वारज्याला माझ्याकडे राहायला आली होती. मटार सोलता सोलता, काही विषय नसताना म्हणाली, "तुझा आवाज पोचत होता गं. अगदी रस्त्यापर्यंत. मी त्या बाईच्या बोलण्याला घाबरले."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं अडून बसले होते. आणि ऐकल्यावर मी म्हणाले काय, तर, "शेंगा किडक्या आहेत का बघ, ताई."

तिनं ताट जवळ ओढलं आणि सोललेले दाणे पुन्हा निवडायला घेतले. ते चांगले होते.