खर्चीची शिदोरी

धंद्यात मला बुडवील असा एकच माणूस या जन्मात भेटला, आणि तो नेमका माझ्या मेहुणीचा नवरा निघाला. चोर आला तर कुलूप लावता येतं, उधारी थकली तर माणसाच्या दारात जाऊन बसता येतं. पण दुकानदाराने सांगितलेल्या भावावर स्वतःहून चार पैसे चढवून देणाऱ्या साडूचं काय करावं, हे मला बाजारात कुणी शिकवलं नाही. मी सायकलला स्टीलची भांडी बांधून राजेश्वरच्या आसपासची खेडी पालथी घातली आहेत. एका डब्याच्या भावावरून भर उन्हात बायाबापड्यांशी घसा बसेपर्यंत भांडलो आहे, आणि त्या भांडणांवरच आज बिदरजवळ नौबादला माझं भांड्यांचं दुकान उभं आहे. तेव्हा भाव करणं हा माझा चिक्कूपणा नाही, ती माझी विद्या आहे. साडूंनी या विद्येचा जेवढा अपमान केला तेवढा माझ्या वैऱ्यांनीही केला नसेल.

साडू मूळचे अफजलपूरकडचे, करजगीचे. नोकरी कलबुर्गीला सरकारी तिजोरीच्या कचेरीत झाली. तिथे म्हणे एक सही कमी पडली तर मोठ्या साहेबाचाही कागद ते माघारी पाठवत. सरकारचा पैसा त्यांनी नागाने धन राखावं तसा राखला आणि घरचा पाखरांना ज्वारी टाकावी तसा टाकला. देवाशी ते मराठीत बोलतात, बाजारात कानडीत आणि रिक्षावाल्याशी दखनीत. पण "कमी कर" हे तिन्ही भाषांत त्यांना येत नाही. एकदा कलबुर्गीच्या बाजारात सीताफळं घ्यायला मी त्यांच्याबरोबर होतो. फळवालीने भाव सांगितला. साडूंनी टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग डोक्यावरच्या उन्हाकडे, आणि विचारलं, "एवढ्यात परवडतंय का तुला?" बाई घाबरली. तिला वाटलं, हा कुणीतरी तपासणीवाला असावा. तिने झटकन भाव उतरवला. साडूंनी चढवला. तिने आणखी उतरवला. शेवटी ती नोट माघारी ढकलत "साकु, यप्पा, साकु," म्हणजे पुरे बाबा पुरे, म्हणत हात जोडू लागली आणि भोवती माणसं जमली. गिऱ्हाईक वर चढतंय आणि विकणारी खाली येतेय, असा सौदा मी तरी त्याआधी पाहिला नव्हता. मला तिथे उभं राहायची लाज वाटली.

रिक्षात बसण्याआधी ते भाडं विचारत नाहीत, लेकरं किती ते विचारतात. लेकरं जास्त असली की भाडं जास्त. बिदर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना हे आता पाठ झालंय. साडू गाडीतून उतरले की तिथल्या बिनलग्नाच्या पोरांनाही दोन-दोन मुली होतात, आणि एक तर कायम आजारी असते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण बसवकल्याणची गोष्ट मी विसरलेलो नाही. घरच्या लग्नातल्या आहेराच्या साड्या घ्यायला आम्ही गेलो होतो. सकाळभर घासाघीस करून मी दुकानदाराला जवळजवळ जमिनीवर आणलं होतं. शेवटचा डाव राहिला होता, "न्हाई जमत" म्हणून उठायचं आणि दाराकडे चालू लागायचं. जाणत्या माणसाला ठाऊक असतं की उंबऱ्याच्या आत मागून हाक येते. मी उठलो, चपला घातल्या. दुकानदाराने हाक मारायला तोंड उघडलं होतं, माझ्या डोळ्यांनी मी आरशात पाहिलं. तेवढ्यात गादीवरून साडू बोलले, "बांधा हो, त्यांचं काय मनावर घेता. तुमचा म्हणाल तो भाव." दुकानदाराने तोंड मिटलं. मी चपला घातलेला तसाच उभा. त्या साड्यांतली एखादी लग्नाकार्यात कुणाच्या अंगावर दिसली की आजही मला जेवण जात नाही.

तर आमची लेक सृष्टी नववीत असताना शाळेने सिंगापूरची सहल काढली. फीमध्ये भाव होत नसतो, हे मुख्याध्यापिकाबाईंनी मला आधी नम्रपणे आणि मग तितक्या नम्रपणे नाही, असं दोनदा सांगितलं. वर म्हणाल्या, मुलांच्या हाती वरखर्चाला थोडे तिथले डॉलर द्या. आमच्याकडे याला खर्ची म्हणतात. ती बदलून आणायला मी कलबुर्गीला गेलो, तर साडू सोबत आलेच. काचेमागच्या पोराशी मी डॉलरचा भाव करू लागलो. तो म्हणाला, "सर, रेट बोर्डावर लिहिलाय." मी म्हणालो, बोर्ड तर माझ्या दुकानातही आहे. गोष्ट रंगात येत होती, तर साडू काचेच्या भोकाला तोंड लावून म्हणाले, "जेवलास का रे बाळा? घे तुझ्या भावानं." बाळ हसलं आणि माझा सौदा तिथेच मेला.

घरी येऊन मी सृष्टीला पाकीट दिलं आणि रीतसर अटी सांगितल्या. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करायची. घेतलेल्या वस्तूची पावती आणायची. उरलेले माझ्या हातात आणून द्यायचे. म्हैसूरच्या सहलीहून तिने चंदनाची म्हणून एक पेटी आणली होती. ती साध्या लाकडाची आहे आणि तिला कसं फसवलं, हे मी दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर समजावून सांगितलं होतं. मुलांना धंदा असाच शिकवावा लागतो, मला तर त्याहून वाईट रीतीने शिकवला गेला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी साडू निरोप द्यायला आले होते आणि पाटावर बसून फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला खात होते. सृष्टी आली आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

"मला खर्ची नको, अप्पा."

"कामून?"

"मी काही घेणारच न्हाई. मैत्रिणी आइस्क्रीम खायला गेल्या तर मी बाहेर थांबते. त्ये सोपं हाय. माघारी येऊन तुमच्यापुढं उभं राहायचं अवघड जातंय."

"मी काय खातो काय तुला?"

"खात न्हाई. भाव इचारता."

माझा आवाज चढला. कुणासाठी कमावलं, सायकल कुणासाठी मारली, सगळं बोललो. पोरगी हात पाठीमागे धरून उभी. मी पाकीट पुढे केलं की ती मागे सरकायची. आयुष्यात मी भल्याभल्यांशी सौदा केला, पण ज्याला काहीच नको त्याच्याशी सौदा करायचा कसा, ते मला येत नव्हतं. सकाळी बस निघणार होती, आणि माझी लेक माझा पैसा हातात न घेता परमुलखात जाणार होती. रागाने माझे कान तापले होते. पण खरं सांगायचं तर तो सगळाच राग नव्हता.

साडूंनी सुशीला संपवला, हात धुतले, माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेले. बायकोने सकाळसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी धडप्यात बांधून ठेवली होती. साडूंनी गाठ सोडली, पाकीट दोन भाकरींच्या मध्ये सारलं आणि पुन्हा गाठ मारायला घेतली.

"अण्णा, काय करायलात?" मी साडूंना विचारलं.

"शिदोरी बांधायलोय, सावकार." मला ते सावकार म्हणतात, मान म्हणून की टोमणा म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

"पैसे हायेत त्ये."

"होते. आता शिदोरी झाली. बाहेर खाल्लेल्या भाकरीचा हिशेब तुमच्याकडं घेतेत व्हय?"

"आन उरले तर?"

साडूंनी गाठीवरून मान वर केली नाही. "उरली शिदोरी कुणी घरात आणतंय का? तुम्ही आणली कधी?"

आणली नव्हती. सायकलवर फिरायचो तेव्हा उरलेली भाकरी मी वेशीवरच्या गाईला घालायचो. पोटात भूक असली तरी ती घरात नेली नाही. शिदोरी माघारी आणू नये, हे आईने सांगितलेलं. बायको लगेच बाहेर आली. "व्हय की. घरात आणू न्हाई ती." माझ्याच घरात माझ्याच पैशाला माझाच रिवाज आडवा आला होता. सृष्टीने पाठीमागचे हात पुढे केले आणि गाठोडं घेतलं.

"चटणीचं तेल लागंल की नोटांना," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"लागू दे," साडू म्हणाले. "तिकडच्या लोकांनाबी कळू दे, पोरगी कुठली हाय."

ती परत आली तेव्हा मी जिभेला गाठ मारून बसलो होतो. एकही भाव विचारायचा नाही. दुकानात जाऊन उगाच पातेली एकात एक घालत राहिलो. थोड्या वेळाने तीच आली, स्टुलावर बसली आणि सांगत सुटली. तिथल्या नोटा प्लास्टिकसारख्या, तेल लागलं तरी पुसलं की स्वच्छ. पण एका दुकानदाराने वास घेऊन पाहिली. आइस्क्रीम पावात घालून देतात. चिनी वस्तीच्या बाजारात एक म्हातारी हातपंखे विकत होती. हिने निम्म्यापासून सुरुवात केली, मग "नो" म्हणून चालू लागली, आणि म्हातारीने मागून हाक मारली.

"मग?" पातेली माझ्या हातातच राहिली.

"त्याच भावाला दिला. मग मी तिला वर दोन डॉलर दिले."

"वर दिलेस? मग भाव केलास कशाला?"

"भाव करायला मजा आली, अप्पा. पण ती लई दमलेली दिसायली."

उरलेले तिने विमानतळावर एका मैत्रिणीला दिले. तिला आजीसाठी चॉकलेट न्यायचं होतं आणि तिचे संपले होते. "शिदोरी व्हती ना, घरी कशी आणू," असं ती मला समजावून सांगू लागली. गिऱ्हाईक आलं, तिष्ठून गेलं, आणि ती सांगत होती. न विचारता एवढं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

रात्री साडूंना फोन केला. त्यांनी किती खर्च झाला, काय आणलं, काही विचारलं नाही. "भाकरी कशी लागली म्हणाली तिकडं?" एवढंच. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या घरातून शिदोरी घेऊन बाहेर पडणारं कुणी नव्हतं, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण ते मला दिसलं सृष्टी निघाली त्या सकाळी, शाळेच्या फाटकापाशी. बस वळून दिसेनाशी झाली, बाकीचे आईबाप आपापल्या गाडीला लागले, आणि साडू धुळीत हात वर धरून उभे होते. मी रिक्षा ठरवायला गेलो. त्यांना जरा एकटं राहू द्यावं असं वाटलं, आणि त्या दिवशी मी भाडंही नीट विचारलं नाही.

आता सृष्टी बारावीनंतर शिकायला धारवाडला जाणार म्हणते. साडूंचे गुडघे दुखतात, कलबुर्गीहून येणं त्यांना जड जातं. तरी मी सांगून ठेवलंय, आदल्या दिवशी या म्हणून. ते म्हणाले, आता बांधायला काय, तुम्ही बांधा. मी म्हणालो, न्हाई अण्णा, तुम्हीच या. माझी गाठ फार घट्ट बसते, पोरीला सुटायची नाही.