शेजारची फळी

बाजार उठला की शेवंती घरी जाण्याआधी मंजुळाच्या दारात यायची. अंगाला माशांचा वास, केसांत कोमेजलेली अबोली आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात कधी कुळथाचं पाणी, कधी पानफुटीची पानं वाटून काढलेला हिरवा रस. "खडा काढला तरी कच ऱ्हाते आत. पी गो, धुऊन जाईल सगळी," म्हणायची. मंजुळा उजव्या कुशीवर पडल्या पडल्या हसायची. "ठेव तिथं, पिते नंतर." शेवंतीची पाठ वळली की मंजुळाची सासू सोनूबाई डबा उचलायची आणि मोरीत ओतायची.

मंजुळाला खडा कधी नव्हताच. तिच्या डाव्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ होती आणि डॉक्टरांनी गाठीसकट सगळं मूत्रपिंडच काढून टाकलं होतं. आता उरलेल्या एकावर जन्म काढायचा होता, त्याला कसलाही झाडपाला चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या तिच्या दोन खोल्यांबाहेर हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मंजुळा, सोनूबाई आणि मंजुळाचा नवरा रामनाथ, बस्स.

खोटं सोनूबाईनं ठरवलं, तेही हॉस्पिटलच्या जिन्यात, रिपोर्ट ऐकून खाली उतरता उतरता. "मुतखडा म्हणायचं. दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाय." आणि खोटं बेमालूम खपलं. बाजारात सकाळपासून दुपारपर्यंत बसणाऱ्या बायका, तिथल्या संडासात पाय ठेववत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी दाबून धरतात. त्यामुळे मुतखडा हा तिथं सर्दीइतका घरचा आजार. कोणाला लाल लघवी झाली तर बाकीच्या हसतात, "घे, तुझा पण नंबर लागला!" मंजुळाही स्वतःच्या लाल लघवीला कितीतरी दिवस अशीच हसली होती.

पण मुतखड्याच्या बाईची बाजारातली जागा राहते, कॅन्सरच्या बाईची राहत नाही. हे सोनूबाईला माहीत होतं आणि मंजुळालाही. काही वर्षांपूर्वी त्याच बाजारात एकीच्या छातीत गाठ निघाली. उपचार घेऊन ती परत आली, तर तिच्या हातचं पापलेट कोणी घेईना. हाताला काय होतं तिच्या? काही नाही. पण गिऱ्हाईक लांबूनच वळायचं. शेजारणींनी मासे मांडायच्या आपापल्या फळ्या लांब सरकवल्या, चार चार बोटं. पावसाळा लागेपर्यंत तिची जागा दुसरीनं धरली होती. फळी सरकवणाऱ्यांत मंजुळा होती. ते तिला आता, छताकडे बघत पडलं की, रोज आठवायचं.

ती जागा काही साधी नव्हती. सोनूबाईच्या सासूची, मग सोनूबाईची, मग मंजुळाची. लग्न करून आली त्या साली सासूनं डोक्यावर बोंबलांची पाटी दिली आणि म्हणाली, "मान हलली तर मासं पडतील, तोंड बंद ठेवलंस तर विकलं जाणार नायत." मंजुळानं दोन्ही गोष्टी अशा उचलल्या की अंधेरीच्या त्या बाजारात तिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. घासाघीस करणाऱ्याला ती अशी काही झाडायची की तो वर हसत हसत करंदीचा एक वाटा जास्त घेऊन जायचा. आता खोकला आला तरी कुशीवर उशी दाबून धरावी लागत होती. बरगडीखालून पाठीकडे गेलेली शिवण ओढायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. ओरडणं सोडाच, शिंकायचीही भीती.

आणि या सगळ्या दिवसांत जागा राखत होती ती शेवंती. दोघींच्या फळ्या शेजारी शेजारी. रोज सकाळी शेवंती आधी मंजुळाची फळी धुऊन मांडायची, आपल्याच पाटीतले दोन वाटे तिच्यावर ठेवायची आणि कोणी विचारलं की सांगायची, "मंजू येतेय. मुतूक गेलीय." सगळा बाजार हसायचा. फळी रिकामी दिसली की जागा गेली, हा तिथला रिवाज. शेवंतीनं ती एक दिवसही रिकामी दिसू दिली नाही.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. शेवंती डबा ठेवून उंबऱ्यात बसली आणि पदरानं तोंड पुसत सहज म्हणाली, "मला पण लाल जातंय गो. गणपतीपास्नं."

मंजुळानं उशीवरनं मान उचलली. "दुखतंय?"

"नाय ना! तुझं तरी कुठं दुखत होतं? म्हणून तर मी घाबरले नाय. म्हटलं, मंजूसारखाच खडा असंल. तुला करते त्यातलंच अर्धं मी पिते."

डॉक्टरांचे शब्द मंजुळाला पाठ होते: दुखत असतं तर आधी आला असतात, न दुखणारं रक्तच वाईट. तिनं तोंड उघडलं. आतल्या दारात सोनूबाई उभी होती, हातात पातेलं धरून, तिच्याकडेच बघत.

"डॉक्टरला दाखव," मंजुळा म्हणाली.

"म्हणजे मला पण फाडतील! तू लय सुखात दिसतेस ती." शेवंती हसली, लुगडं झटकून उठली. "तू बाजारात बसायला लाग, मग जाऊ दोघी."

ती गेल्यावर घरात जुंपली. "आये, तिला सांगायलाच पायजे," मंजुळा म्हणाली. "सांग," सोनूबाई म्हणाली, "आणि उद्या पाटी घेऊन कुठं बसशील तेही सांग. शेवंतीच्या तोंडात तीळ भिजत नाय." रामनाथ जाळ्याची गाठ सोडवत खाली मान घालून बसला होता. होडीवर वाघ, घरात गाय. "थोडं थांब," एवढंच बोलला. "एकदा बसायला लाग. मग सांग."

आणि मंजुळा थांबली. रोज दुपारी शेवंती यायची, रोज मंजुळा म्हणायची, "दाखव गो एकदा," आणि रोज शेवंती बाजारातल्या गमती सांगून तो विषय उडवून लावायची. तिच्या पोलक्याच्या बाह्या सैल होत गेल्या. बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत घसरायची. मंजुळाला ते दिसत होतं. दिसत होतं आणि ती गप्प होती, कारण प्रत्येक दिवशी तिची स्वतःची ताकद थोडी वाढत होती. अजून काहीच दिवस, मग जागेवर बसेन, मग सांगेन. असं स्वतःला समजावताना तिला स्वतःची किळस यायची, तरी ती समजवायचीच.

मग एके दिवशी शेवंती आली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मंजुळानं भिंतीला धरून चप्पल चढवली. सोनूबाई आडवी आली, तर तिच्याकडे न बघता ती बाहेर पडली. कुशीवर हात दाबत, मध्ये दोनदा ओट्यांवर टेकत, ती शेवंतीच्या घरी पोचली. शेवंती चटईवर पडली होती. चेहरा मेणासारखा. उशाशी तोच हिरवा रस.

मंजुळानं पदर बाजूला केला आणि शिवण दाखवली. "एवढं फाडतात मुतखड्याला? कॅन्सर होता मला. अख्खं मूत्रपिंड काढलंय. तुझा रस मी एक दिवस पण प्यायले नाय."

शेवंतीनं हात पुढे करून त्या वळावर बोटं फिरवली. मग विचारलं, "मला का नाय सांगितलंस?"

"जागा जाईल म्हणून."

"तुझी जागा?" शेवंती म्हणाली. "ती तर मीच राखत होते ना गो."

मंजुळा तिथंच भिंतीला टेकून रडली, शिवण ओढत होती तरी रडली. शेवंतीच तिला उठवायला लागली.

दुसऱ्याच दिवशी शेवंतीला हॉस्पिटलात नेलं. गाठ होती. ती फुप्फुसांपर्यंत पोचली होती, आता कापून उपयोग नव्हता. दिवाळीत आली असती तर? मंजुळानं हा प्रश्न डॉक्टरांना दोनदा विचारला. ते म्हणाले, सांगता येत नाही. या उत्तरानं तिची सुटका झाली नाही. होणारही नव्हती.

शिमग्याच्या आधी मंजुळा बाजारात परतली. पाटी रामनाथनं उचलून आणली. जड उचलायची तिला अजून मनाई होती. तिनं आधी शेवंतीची फळी धुतली, मांडली, तिच्यावर मांदेलीचे दोन वाटे ठेवले. मग आपली मांडली. बायका गोळा झाल्या, पाठीवर हात फिरवून गेल्या. शेवंतीच्या सुनेनं सकाळीच निरोप धाडला होता: काकी, बाजारात मुतखडाच सांगा.

भवानीचं पहिलं गिऱ्हाईक मंजुळाचं जुनं, पवईहून गाडी घेऊन येणारी बाई. हलव्याचा मासा हातात घेऊन तिनं विचारलं, "शेवंती कुठंय?" पलीकडची कोळीण परस्पर म्हणाली, "मुतखडा झालाय तिला. मंजूला झालेला, तसाच."

मंजुळानं डावा हात कुशीवर दाबला आणि श्वास भरला. "मुतखडा नाय!" ती ओरडली, आणि तो जुना आवाज रस्त्यापलीकडे गेला. शिवणीतून कळ उठली. "कॅन्सर हाय तिला. मला पण होता. दुखत नाय आणि लाल जातं, तर रस पीत बसू नका गो बायांनो. मी बोलले नाय म्हणून शेवंती मरतेय. डॉक्टरकडं जा."

पवईच्या बाईनं हलवा हळूच परत फळीवर ठेवला, रुमालाला बोटं पुसली आणि पलीकडे गेली. पलीकडच्या कोळणीनं आपली फळी सरकवली, चार बोटं. मंजुळानं ते बघितलं. कोपऱ्यातली नवी लग्न झालेली एक पोर मात्र कोयता हातात तसाच धरून, पांढरीफटक होऊन तिच्याकडे बघत राहिली होती.

मंजुळा दोन्ही फळ्यांवर पाणी मारत दुपारपर्यंत बसून राहिली. त्या दिवशी तिची भवानी झाली नाही.