सुरुंगाची गाडी आणि दसऱ्याचा कापूर

मी सुरुंगाच्या दारूची ने-आण करायचो, हे कळलं की आमच्या कोपरच्या सोसायटीतले लोक मला शूर समजतात. शूर कसला! एक नंबरचा भित्रा, म्हणून तर आज बाल्कनीत बसून चहा पितोय.

मालकाचा ट्रक वयाने माझा बाप शोभेल असा होता. हँडल मारून सुरू करायचा, टाकीतून पेट्रोल गळायचं आणि चढाला सायलेन्सरमधून ठिणग्या उडायच्या. असल्या गाडीतून मी कल्याणच्या गोदामातला माल शिळफाट्याकडच्या खाणीवर न्यायचो. खिशात काडेपेटी ठेवायची नाही, बिडीवाल्याला जवळ फिरकू द्यायचं नाही, हे माझे नियम. बाकीचे ड्रायव्हर मला हसायचे.

सणालाही खाण बंद नसायची. एका दसऱ्याला मालकाने हुकूम सोडला, भरलेली गाडी आधी घरी आण, पूजा करून मग खाणीवर जा. गेलो. झेंडूचा हार घातला, तोवर ठीक होतं. मग मालकाची आई ताट घेऊन आली. ताटात निरांजन आणि धडधडता कापूर! टाकीखाली पेट्रोलचे थेंब पडत होते. मी आडवा उभा राहिलो.

"आजी, गाडीत दारू भरलीय. पुढे येऊ नका."

"दसऱ्याची गारी ओवालल्याबिगर जावाची नाय!"

मालक भडकला. "बाजूला हो, नायतर चावी ठेव आणि चालता हो."

चावी ठेवली असती तर ताट बॉनेटपर्यंत गेलंच असतं. मी ती मुठीत घट्ट धरली. "नोकरी घ्या, पण ताट पुढे येणार नाही. तुमचीच नातवंडं अंगणात खेळतायत!" भीतीनेच आवाज चढला होता.

आजी थबकली. सणाचं निरांजन फुंकर मारून कोण विझवतं? तिने नातवंडांकडे पाहिलं, गळणाऱ्या टाकीकडे पाहिलं आणि ताट घेऊन तडक अंगणाच्या पार टोकाला गेली.

"ये रं हिकरं पोरा! गारी ऱ्हाऊ दे, गारीवाल्याला ओवालूं."

मालकाच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून तिने माझ्या डोक्यावर टाकला, कुंकू लावलं, ओवाळलं.

माल सुखरूप पोचला. दुपारी खाणीत सुरुंग उडाला, जमीन हादरली आणि मी लांबून, कपाळावरच्या कुंकवासकट, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "उड लेका, आता पाहिजे तेवढा उड!"