मामांचा नवा गिअर

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्या आत्याच्या यजमानांइतका हेकट माणूस दुसरा नाही, आणि हे मी पत्रकं लिहिणाऱ्याच्या जबाबदारीनं सांगतो आहे. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. हे मामा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन कडेगावात आल्यावर त्यांनी शेती, गल्ली आणि आत्या या तिन्ही गोष्टी फौजेच्या शिस्तीत चालवायला घेतल्या. पैकी शेतीनं थोडंफार ऐकलं. म्हशीला ते 'आगे बढ' म्हणतात. एका लग्नात तर पंगतीच्या वाढप्यांना रांगेत उभं करून त्यांनी जिलेबीची मोहीम आखून दिली होती, आणि खरं सांगायचं तर त्या लग्नात जिलेबी शेवटच्या पानापर्यंत पोचली. गॅरेजवर त्यांचा जुना राग. "मिस्त्री म्हंजे काय रं? दुसऱ्याच्या गाडीवर शिकल्याला माणूस," असं ते म्हणतात. त्यामुळं त्यांच्या पांढऱ्या जुन्या कारचा प्रत्येक नट त्यांनी स्वतः, अंगणात, बनियनवर पिळलेला आहे.

गेल्या वर्षी मामांचा डावा खांदा आखडला. गाडीतला मूळ गिअरचा दांडा आखूड, जड आणि पुढं. तिथवर हात नेताना मामांच्या तोंडून जे शब्द निघत ते फौजेत चालत असतील, तुळशीसमोर नाही. ही बातमी शिरवळला कारखान्यात असलेल्या त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला लागली आणि त्यानं जाहीर केलं, गाडी विकायची. मला याचा संताप येतो. माणसाचा एक सांधा दुखायला लागला की पोरं त्याच्या हातातलं स्टेअरिंग काढून घेतात आणि वर त्याला काळजी म्हणतात. ज्यानं बर्फात ट्रक चालवले, त्यानं बाजाराला जायला रिक्षावाल्याची वाट बघत बसायचं? हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "भाषण नको गड्या. नागपंचमीला आईला स्वतः चालवत शिराळ्याला घिऊन जाऊ देत. नीट नेलं-आणलं तर गाडी राहील."

शिराळा हे आत्याचं माहेर, म्हणजे माझं घर. तिला न्यायला मुराळी म्हणून मीच आदल्या दिवशी कडेगावात पोचलो, तर मामांचे फक्त पाय गाडीबाहेर दिसत होते. त्यांनी लांब दांड्याचा, हलका चालणारा नवा गिअर कुठूनसा मागवला होता आणि दोन्ही सीटांच्या मधे तो बसवणं चाललं होतं. त्याच्या बुडाची पट्टी अशी, की सरळ ठेवा नाहीतर उलटी, बोल्ट बसायचेच. पट्टीवर पुढची बाजू दाखवणारा एक बाण तेवढा होता. आत्या दारातून म्हणाली, "आवं, नवी वस्तू हाय. तोंड उगवतीला करून बसवा." आणि जन्मात कुणाचं न ऐकलेल्या मामांनी नेमकं हे ऐकलं. त्यांनी बाण उगवतीला केला. गाडीचं तोंड मात्र मावळतीला होतं.

मग हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, पुढच्या चाकांपुढं लिंबं ठेवली. मामांनी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी झटक्यात मागं जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली. आत्यानं आधी लिंबांकडं पाहिलं.

"लिंबं हायत तशी हायत. पुन्यांदा करा."

"मामा, माघार घेतली का?" मी विचारलं.

"माघार न्हाई रं. पोझिशन घेतली," मामा केसांतला कडबा काढत म्हणाले.

पट्टी फिरवून पुन्हा बसवेपर्यंत दुपार झाली. तोवर उगवतीचं नाव कुणी काढलं नाही.

पंचमीच्या सकाळी आम्ही निघालो. मामा स्टेअरिंगला, आत्या त्यांच्या डाव्या हाताला, मी मागं. सरळ रस्त्यावर नवा दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता आणि मामा समोरच्या प्रत्येक ट्रकवाल्याचं कोर्ट मार्शल करत होते. मग चढ लागला. त्यात खड्डे, म्हणजे सारखा गिअर बदला. त्या खड्ड्यांवर मी पत्रक काढलेलं आहे, ते असो. अर्ध्या चढावर तिसऱ्या गिअरमधे गाडी धापा टाकायला लागली, आणि मामांचा डावा हात मांडीवरून उचलेना.

"मामा, बाजूला घ्या, मी चालवतो."

"तू गप बस." मग आत्याकडं न बघता, मी आजवर कधी न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "अगं, जरा तेवढा दांडा डावीकडं घिऊन मागं वढ. क्लच दाबलाय मी."

आत्यानं पदर खोचला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला. गाडी चढ चढून गेली. पुढचा सगळा रस्ता मामा नुसते "तिसरा," "दुसरा" म्हणत होते आणि आत्या शिकत होती.

शिराळ्यात पोचल्या पोचल्या दादाचा फोन. गाडी कुणी चालवली म्हणून. आत्या म्हणाली, "कुणी म्हंजे? तुझा बाप बसलाय न्हवं स्टेरिंगला."

गाडी परतही तशीच आली, आणि घरीच राहिली. खांदा काही सुटला नाही, उलट आता तो हात मामांच्या मांडीवर निजल्यासारखाच असतो. मी कडेगावला गेलो की मला मागं बसवून दोघं बाजाराला नेतात. हल्ली मामांनी सांगेपर्यंत आत्या थांबत नाही. बाजाराची पिशवी मांडीवर धरून ती इंजिन ऐकते आणि आवाज बदलला की दांड्याला हात घालते. गेल्या खेपेला वळणावर मामांना क्लच दाबायला उशीर झाला.

"आवं, पाय," आत्या म्हणाली.

मामांनी मुकाट्यानं क्लच दाबला.