पुसायला चावी, वापरायला कुलूप

"एक मिनिट. सगळे काम थांबवा. आमच्या इंजिनिअर मॅडमना लागली आहे."

हे शिरीष सर माइकवरून बोलले. माइक चालू होता. आठशे खुर्च्यांचा हॉल, स्टेजच्या दोन्ही अंगाला छतापासून लटकलेले स्पीकर. ते मीच टांगून घेतले होते. कोन मी ठरवले होते. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे, याचाच मला पगार होता. आला. शब्द न् शब्द स्पष्ट आला.

मराठी न समजणाऱ्यांचं नुकसान नको म्हणून सरांनी हिंदीतही सांगितलं. "मॅडम को जोर की लगी है भाई. किसी के पास चाबी है क्या?"

हॉलमध्ये पंचवीसेक माणसं होती. सुतार, एसीवाले, वायरिंगवाले, आमच्या कंपनीची चार पोरं. सगळे हसले. परांचीवर बसलेला एक वायरमन खाली वाकून म्हणाला, "पैंट तो है ना मॅडम. हमारे जैसा दीवार के पीछे चले जाओ." मग अजून हसले.

मी सरांच्या शेजारी जाऊन, हळू आवाजात विचारलं होतं. "सर, वरच्या वॉशरूमची चावी मिळल का?" मराठीत विचारलं होतं, कारण त्या हॉलमध्ये ती भाषा आम्हा दोघांनाच येत होती. आपल्या भाषेत विचारलं की गोष्ट आपल्यातच राहील, असं मला वाटलं. किती बावळट होते मी.

मला पाळी आली होती. सकाळी साडेसातला हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरातून निघालेली, आता दुपारचे दोन वाजले होते. पँटीला लागलंय का नाही हे बघायलाही जागा नव्हती. मी बॅग उचलली आणि पंचवीस जणांसमोरून, खुर्च्यांच्या दोन रांगांमधल्या वाटेने, पाठीमागे बॅग धरून बाहेर गेले. ती वाट मी आयुष्यात विसरणार नाही. रस्त्याने चालत पेट्रोल बंक, म्हणजे पंप, गाठायला वीस मिनिटं लागली. तिथल्या संडासाला कडी नव्हती. एका हाताने दार ओढून धरून दुसऱ्या हाताने सगळं केलं.

परत आले तेव्हा सर म्हणाले, "रागावलीस का गं? साइटवर एवढं स्पोर्टिंगली घ्यायचं असतं."

मी म्हणाले, "नाही सर."



जरा आधीचं सांगते. माझे वडील देगलूरकडचे. पोरवयात हैदराबादला आले, चिक्कडपल्लीत कापडाच्या दुकानात गाठोडी उचलत उचलत काउंटरला लागले. घरी आम्ही मराठी बोलतो, पण ती तिकडची आणि इथली मिळून झालेली. करायलंय, जायलंय, हौ, नक्को. शाळा तेलुगु-इंग्रजी. मराठी वाचायला मला अजून वेळ लागतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी हिमायतनगरच्या एका कंपनीत लागले. सभागृहं, मीटिंगच्या खोल्या, कॉलेजांचे हॉल, तिथं आवाज आणि पडदे बसवून द्यायचं काम. बावीस जणांत मी एकटी बाई. आवाजाच्या यंत्रणेची परदेशी परीक्षा असते. ती कंपनीतून तिघांनी दिली, पास एकटी मी झाले.

शिरीष सर पुण्याचे. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून आले तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. घरी जाऊन आईला सांगितलं, आपलं माणूस आलंय. पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हणाले, "सर, पॅनेलचं काम करायलंय." ते थांबले. हसले. "करायलंय? हे कुठलं मराठी?" मग दर मीटिंगला. "काय मॅडम, काय करायलंय?" पुढे ज्यांना मराठी येत नव्हतं तेसुद्धा मला बघून "करायलंय, करायलंय" म्हणायला लागले. मी सरांशी हिंदीत बोलायला लागले. माझ्या आईची भाषा मी आपल्याच माणसासमोर गिळून टाकली. त्या दिवशी चावी मागताना कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याशी मराठीत बोलले होते.

साइट होती शहराबाहेर, रिंग रोडच्या पलीकडे, एका खासगी कॉलेजचं सभागृह. बांधकाम अर्धं उरलेलं. गड्यांसाठी मागे पत्र्याचा आडोसा होता. बायकांसाठी काही नव्हतं. पण पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठी केलेलं बाथरूम पूर्ण तयार होतं. संगमरवर, आरसा, गरम पाण्याची सोय. त्याला कुलूप. कॉलेजचे मालक कधी काम बघायला आले तर म्हणून.

माइकच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं? नऊ वाजता हजर झाले आणि "गुड मॉर्निंग सर" म्हणाले. हेच केलं. आणि पाणी पिणं बंद केलं. घरून निघताना एक घोट. जेवताना एक घोट. उन्हाळा होता, एसी अजून चालू नव्हता, शिडीवर चढून उतरून अंगातून पाणी निथळायचं, तरी मी ओठ नुसते ओले करायचे. मला अभिमानही वाटायचा. बघा, मला लागत नाही. बघा, मी तुमच्यासारखीच आहे.

तीन आठवडे असं केलं. मग एक दिवस शिडीवरच थंडी वाजून आली. कमरेत सुरी घालून फिरवल्यासारखं दुखायला लागलं. लघवीतून रक्त गेलं. आईने बरकतपुऱ्याच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, लघवीच्या तपासणीचा कागद बघितला आणि विचारलं, "दिवसभरात किती वेळा जातेस?"

मी म्हणाले, "घरी आल्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. शिकलेली मुलगी ना तू?"

चार दिवस सलाइन, आणि सहा दिवस घरी पडून. शिरीष सरांचा मेसेज आला. गेट वेल सून, आणि खाली, हँडओव्हर, म्हणजे काम कॉलेजच्या ताब्यात द्यायचा दिवस, डोक्यावर आहे. आई उशाशी बसून पाणी पाजायची, ग्लास संपेपर्यंत उठायची नाही. ती एकदाच बोलली. "त्यांच्या घरात बी बायका असतील न गं. त्या जात नसतील का?" मी भिंतीकडे तोंड केलं. मला किळस येत होती. सरांची, त्या हसणाऱ्यांची. पण जास्त माझीच. कुणी मारलं नव्हतं, बांधून ठेवलं नव्हतं. मीच माझ्या शरीराला शिक्षा दिली होती, त्यांना बरं वाटावं म्हणून.

अकराव्या दिवशी परत साइटवर गेले. डॉक्टरबाईंची चिठ्ठी होती. ती घेऊन थेट कॉलेजच्या सुपरवायझरकडे गेले आणि चावी मागितली. मी इंजिनिअर आहे, आजारी आहे, असं सांगितलं. तो म्हणाला विचारून सांगतो. मी जिन्यात बसून राहिले. तिथं यादम्मा फरशी पुसत होती. साइटवर अशा सात बायका होत्या, विटा उचलणाऱ्या, झाडणाऱ्या. दीड महिना मी त्यांच्याशेजारून ये-जा करत होते. गळ्यात माझं ओळखपत्र, डोक्यावर पांढरं हेल्मेट. त्यांची नावं मला ठाऊक नव्हती. त्या कुठं जातात, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

यादम्माने विचारलं, "काय झालं अम्मा, बारीक झालीस." तेलुगुतच बोलत होती.

मी सांगितलं. चावीचंही सांगितलं.

ती फडकं पिळत राहिली. मग म्हणाली, "ते बाथरूम रोज सकाळी मीच धुते. सुपरवायझर चावी देतो, धुऊन झालं की परत घेतो. बाहेर उभा राहतो, मी आत जास्त वेळ घालवू नये म्हणून."

"कुणी वापरतं का ते?"

"कोण वापरणार. मालक अजून आलेच नाहीत."

"आणि तुम्ही सगळ्या?"

"मागे. दोघी साडी धरतात, एक बसते. गडी वरून बघतात. बघू दे, काय करणार." ती उठली. बादली उचलली. "तू तुझ्यासाठी विचारलंस ना? देतील तुला. तू मेडम आहेस."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.  कुणी न वापरलेलं बाथरूम रोज धुणारी बाई, आणि तिच्यावर पहारा. आणि त्या पहारेकऱ्याकडे मी चिठ्ठी घेऊन गेले होते, मी त्यांच्यातली नाही, मी वेगळी आहे, हे पटवायला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी लिहायला बसले. इंग्रजीत एक पान. माइकवर काय बोललं गेलं, कोण बोललं, किती माणसं होती, मला काय झालं. शेवटी लिहिलं, साइटवरच्या सगळ्या बायकांसाठी ते बाथरूम उघडं राहिल्याशिवाय मी हँडओव्हरच्या कागदावर सही करणार नाही. कॉलेजने करारात लिहिलं होतं की यंत्रणा तपासल्याची सही परीक्षा पास झालेल्या इंजिनिअरचीच पाहिजे. कंपनीत ती मीच होते. पान शिरीष सरांना पाठवलं, आमच्या मालकांना पाठवलं आणि कॉलेजलाही पाठवलं.

दुसऱ्या दिवशी हिमायतनगरच्या ऑफिसात बोलावलं. कंपनीचे मालक होते, सर होते. मालक म्हणाले, "तुम हमारी बेटी जैसी हो. घर की बात बाहर क्यों लिखी?"  सरांनी खिशातून चावी काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. नवीन करून आणलेली, धार अजून चमकत होती.

"ही घे. फक्त तुझ्यासाठी. विषय संपला."

"बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्या म्हणजे कोण?"

"सात जणी आहेत."

सर हसले. तेच हसणं. "लेबरचं लेबर बघेल. तू इंजिनिअर आहेस ना? मग स्वतःची बरोबरी कुणाशी करतेस? आणि ते माइकचं, अगं ती गंमत होती."

मी चावीला हात लावला नाही.  मी म्हणाले, "सर, मला चावी नको. दार उघडं पाहिजे. सगळ्यांना. तोवर सही होणार नाही. आम्ही सगळ्या इथंच काम करायलोय."

करायलोय. ते आपसूक तोंडातून आलं. ह्या वेळी ते हसले नाहीत.

दार उघडलं. मला काही मोठी लढाई जिंकल्यासारखं सांगायचं नाही. कॉलेजला उद्घाटनाचा मुहूर्त गाठायचा होता, म्हणून उघडलं. सहा दिवस उघडं होतं. पहिल्या दिवशी कुणीच गेलं नाही. यादम्मा दारात उभी राहून म्हणाली, चप्पल काढायची का? मी म्हणाले, नाही. मग सगळ्या गेल्या. मी सही केली, कारण काम मी चोख केलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी परत कुलूप लागलं. यादम्मा आणि बाकीच्या तोवर दुसऱ्या बांधकामावर गेल्या होत्या. तिथं काय आहे मला माहीत नाही.

माझं साइटवरचं काम काढून घेतलं. शोरूममध्ये ठेवलं, येणाऱ्या गिऱ्हाइकाला पडदा चालू करून दाखवायला आणि चहा विचारायला. चार महिने काढले. मग नोकरी सोडली. दोन कंपन्यांनी मुलाखत घेऊन नाही म्हटलं. एकाने तोंडावर सांगितलं, "आपका नाम सुना है." तिसरीकडे लागले, आज तिथंच आहे. साइटची पहिली पाहणी मी करते. वीज कुठून येते, छत किती भार घेईल, हे लिहायच्या आधी मी एक ओळ लिहिते, काम करणाऱ्या बायकांनी कुठं जायचं. ती ओळ रिकामी असेल तर आमची गाडी सामान उतरवत नाही. माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. हाताखाली आता दोन मुली आहेत. त्यांना मी पहिल्या दिवशीच सांगितलं, पाणी प्यायचं.

गेल्या आठवड्यात शिरीष सरांचा फोन आला. आमच्या धंद्यातल्या लोकांचं संमेलन आहे, शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात. त्यात आमच्या क्षेत्रातल्या स्त्रिया असा एक कार्यक्रम आहे आणि तो सर चालवणार आहेत. आवाज एकदम गोड.

"तू ये ना गं. तुझा प्रवास सांग. मुलींना प्रेरणा मिळेल. मी नेहमी सांगतो, माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी."

मी विचारलं, "माइकचं सांगू का?"

सर मग म्हणाले, "अजून धरून बसलीस? पॉझिटिव्ह काहीतरी बोल ना."

"मग मी स्टेजवर येणार नाही, सर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

स्टेजवर जाणार नाही. पण कार्यक्रमाला जाणार आहे. तिकीट काढलंय, हाताखालच्या दोघी मुलींचंही काढलंय. शेवटी प्रेक्षकांना प्रश्न विचारायला वेळ ठेवलेला आहे, तो मी कार्यक्रमाच्या कागदावर बघून घेतलाय. तेव्हा मी उभी राहणार. त्यांचं पूर्ण नाव घेणार, त्या कॉलेजचं घेणार, आणि ते जे बोलले ते जसंच्या तसं बोलणार. आधी मराठीत. मग बाकीच्यांसाठी हिंदीत.